आधी कुठले शब्द शिकू?

धाकट्या दिरांचं लग्न झालं आणि नवी जाऊ खानापूर तालुक्यातून थेट केरळात त्रिशूरला आली. अजून हातातला चुडा उतरला नव्हता, तोवर एका दुपारी भांडी विसळून झाल्यावर ती शंभर पानी वही घेऊन माझ्यासमोर बसली. "अक्का, आधी कुठलं शब्द शिकू मी? रोज लागत्यात तेवढं लिहून द्या की." पेनाचं टोपण काढून तिनं पहिल्या पानावर 'श्री' काढला आणि वही माझ्याकडं सरकवली. मी पेन हातात घेतलं आणि तसंच धरून बसले. इतकी वर्षं ही मल्याळम भाषा बोलते, हिच्यात भांडते, हिच्यात मुलीच्या शाळेत जाऊन बाईंशी बोलते, पण 'आधी' काय? नमस्कारापासून सुरुवात करावी तर शेजारीपाजारी इथं कुणी कुणाला नमस्कार म्हणत नाही, नुसती मान हलवून हसतात. भाज्यांची नावं लिहावीत तर ती बाजारात बोट दाखवूनही मिळतात. त्या दुपारी मी तिला काहीच लिहून दिलं नाही. 'उद्या देते' म्हणाले आणि भाकरीचं पीठ चाळायला उठले. प्रश्न मात्र डोक्यातून हलेना.

आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगली आहेत, हे विटा-आटपाडीकडच्या कुणाला नव्यानं सांगायला नको. जिथं सोनार जास्त तिथं गलाईवाल्याची भट्टी, आणि त्रिशूर तर सोन्याचंच गाव. सासऱ्यांनी इथं दुकान टाकलं तेव्हा त्यांना मल्याळमचा एक शब्द येत नव्हता, असं ते सांगायचे. त्यांची भाषा मुशीच्या शेजारीच घडली. उरुक्कणम् म्हणजे वितळवायचं, तंकम् म्हणजे शुद्ध सोनं, पवन म्हणजे आठ ग्रॅम. आपण तोळ्यात बोलतो, इथं लग्नातलं सगळं सोनं पवनात मोजतात. आजही आमच्या घरातल्या पुरुषांचं मल्याळम हे वजनाचं, टंचाचं आणि उधारीचं मल्याळम आहे. नेमकं आणि तुटक. बायकांचं निराळं. ते विहिरीवरून, कुंपणावरून, शाळेच्या फाटकापाशी उभं राहून येतं. पाट्या-वरवंट्याला अम्मि म्हणतात हे आमच्या यजमानांच्या गावीही नाही, आणि ते दुकानातल्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलायला लागले की अर्धं माझ्या डोक्यावरून जातं. एकाच घरात दोन मल्याळम नांदतात. मग जावेच्या वहीत कुठलं लिहायचं?

आकडे मात्र दोघांनाही लागतात, आणि मला सर्वांत आधी तेच आले. एक ते दहा पाठ केले, मग वीस, तीस, चाळीस केले, की पुढचं आपोआप जुळतं. इरुपदु म्हणजे वीस, ओन्नु म्हणजे एक, आणि इरुपत्तियोन्नु म्हणजे एकवीस. आधी दशक, मग एकक. जसं लिहिलं तसं म्हटलं. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं आणि महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला, तो मी इथं बसून टीव्हीवर बघत होते. दक्षिणेतल्या भाषांचा दाखला तेव्हा दिला जात होता आणि तो खोटा नव्हता. माझ्या मुलीनं मल्याळम आकडे किती पटकन उचलले ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तरीही एकोणसत्तर, सव्वीस, त्र्याण्णव हे शब्द सोडून द्यावेत असं मला वाटत नाही. पाढे म्हणताना त्यांना जो ठेका येतो तो 'वीस सहा'ला येत नाही. आणि इथल्या आकड्यांनाही त्यांची एक गाठ आहेच. नऊ म्हणजे ओंबदु, पण नव्वद म्हणजे तोण्णूऱु, ज्याच्या पोटात शंभराचा 'नूऱु' बसलाय. आणि नऊशे म्हणजे तोळ्ळायिरम्, ज्याच्यात हजाराचा 'आयिरम्' आहे. नव्वदीच्या घरात शिरलं की शंभराची चाहूल लागते. भाव विचारताना तिथं कान टवकारून ऐकावं लागतं, हे जावेला सांगायलाच हवं होतं.

पण मला खरं मल्याळम शिकवलं ते शेजारच्या म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईंनी. घरातले सगळे त्यांना अम्माम्म म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले. पांढरा स्वच्छ चट्टा, म्हणजे सैल पोलकं, कमरेला पांढरं मुंडु, मागं चुण्यांचा पंखा, कानाच्या वरच्या कडेत सोन्याच्या जाड कड्या. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी येत नव्हतं, आणि मला त्यांचं काही कळत नव्हतं. त्या मला 'मोळे' म्हणायच्या, म्हणजे पोरी. रोज काही ना काही कुंपणावरून पलीकडं यायचं. वाफाळती कप्पा, म्हणजे आपल्याकडं ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, खोबरेल तेलाची फोडणी घातलेली भाजी, केळफुलाचं तोरन, म्हणजे खोबरं घातलेली कोरडी भाजी. चांगलं असायचं, पण खोबरेल तेलाचा वास मला सुरुवातीला सोसत नव्हता, आणि नाही म्हणायचं कसं हे येत नव्हतं. हातानं 'नको नको' केलं की त्यांना वाटायचं मी लाजते, आणि त्या आणखी एक डाव वाढायच्या. ज्या दिवशी मला 'वेण्ड' म्हणता आलं, त्या दिवशी त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि मोठ्यानं हसून माझी पाठ थोपटली. त्यानंतर आम्हां दोघींचं खरं बोलणं सुरू झालं. जिला नको म्हणता येतं तिच्याशीच दुसऱ्याला मोकळं बोलता येतं, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

मल्याळममध्ये नकार तीन आहेत. इल्ल, अल्ल आणि वेण्ड. घरात साखर नसली तर इल्ल. ही साखर नव्हे, मीठ आहे, असं सांगायचं तर अल्ल. आणि मला साखर नको, तर वेण्ड. हिंदी घेऊन आलेल्या माणसाला इथं नेहमी अडचण होते, कारण त्याच्याकडं सगळ्याला एक 'नहीं'. आपल्याकडं तीन आहेत: नाही, नव्हे, नको. हे तीन मी आईच्या पोटातून घेऊन आले होते. अम्माम्म एकदा समजावत होत्या, एका हातात मिठाचा डबा, एका हातात साखरेचा. त्यांना वाटत होतं हे फार अवघड आहे, आणि मला पहिल्या फटक्यात कळलं म्हणून त्यांनी दोन-दोनदा विचारून खात्री केली. असंच आणखी पुष्कळ. 'मला भूक लागली' यात भूक माझ्याकडं येते. मल्याळमातही ती 'एनिक्कु' म्हणजे मला लागते. मला माहीत नाही, मला हवं, मला आवडतं, मला मराठी येतं, या सगळ्यांत तिथंही 'मला'च. आणि निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, ही आपली रीत इथंही जशीच्या तशी आहे: पोयिट्टु वराम्, जाऊन येते. उंबऱ्यावर उभं राहून नुसतं 'जाते' म्हटलं तर माझी आई रागवायची. इथंही तोंडातून तसं निघालं की म्हाताऱ्या माणसांचे चेहरे बदलतात.

ओळखीचं वाटतं तिथंच जपून पाऊल टाकावं लागतं, हे मात्र खरं. संस्कृतातून आलेले शब्द दोन्हीकडं भरपूर आहेत, पण त्यांचे संसार निराळे झालेत. संसारम् म्हणजे इथं बोलणं. प्रसंगम् म्हणजे भाषण. चरित्रम् म्हणजे इतिहास. मृगम् म्हणजे कुठलंही जनावर, म्हणून मृगशाला म्हणजे प्राणिसंग्रहालय, आणि त्रिशूरचं प्राणिसंग्रहालय गावभर त्याच नावानं ओळखलं जायचं. उद्योगम् म्हणजे नोकरी आणि व्यवसायम् म्हणजे कारखानदारी, आपल्या बरोबर उलट. जुन्या वाटेनं आलेले काही शब्द मात्र कुठं भेटले तरी ओळख देतात. सुट्ट्या पैशांना कंडक्टर चिल्लऱ म्हणतो. राजीनामा इथं नुसता राजि आहे. किल्लीला काहीजण चावि म्हणतात. खिडकी जनल्, जी गोव्यात गेलं की जनेल होऊन भेटते. आणि पेरू म्हणजे पेरक्का. दोन्हीकडच्या किनाऱ्यांवर उतरलेल्या पोर्तुगिजांच्या 'पेरा'वरून. परसातल्या झाडांची नावं मी अम्माम्मकडून घेतली, तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं की असं झाडाला बोट लावून नाव विचारण्याचं काम इथं फार पूर्वी झालंय. कोचीच्या डच गव्हर्नरानं सतराव्या शतकात मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. पहिला खंड 1678 मध्ये ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्याला नावं आणि गुण सांगणारे इट्टी अच्युतन् हे मल्याळी वैद्य होते, आणि त्यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य. त्या तिघांनी दिलेलं प्रमाणपत्र त्या ग्रंथात देवनागरीत छापलेलं आहे. मुलीच्या शाळेच्या प्रदर्शनात मी त्याचं चित्र पाहिलं. मल्याळमच्या भिंतभर गोल अक्षरांत ती देवनागरी अक्षरं दिसली, आणि मी तिथून लवकर हलले नाही.

बसमध्ये शिकलेलं वाक्य वेगळं. इथल्या खासगी बस सुसाट असतात. थांबा आला की दोन क्षण थांबतात, दार आपटतं, बस सुटते. गर्दीत मागून ओरडावं लागतं. मी मनातल्या मनात वाक्य जुळवायची, मला उतरायचं आहे, माझा थांबा आला, आणि ते जुळेपर्यंत शक्तन् स्टँड मागं पडायचं. मग लक्षात आलं की इथल्या बायका 'मला' म्हणतच नाहीत. त्या म्हणतात, 'आळ् इऱङ्ङानुण्डु'. माणूस उतरायचं आहे. स्वतःबद्दल नाही, माणसाबद्दल. पदर सावरत, पिशवी छातीशी धरत एखादी थकलेली बाई दाराकडं न बघताच हे म्हणते आणि पुढचे सगळे जण तिला वाट करून देतात. मला ते फार भावलं. मी, माझं, मला असं न म्हणता आपली गरज सांगण्याची ती एक सोय आहे. नव्या गावात आलेल्या बाईला 'मी' म्हणायचा धीर व्हायला वेळ लागतो. तोवर असं वाक्य हाताशी असलेलं बरं.

आणि पाऊस. आमचा तालुका पावसाच्या सावलीतला. टँकरची वाट बघत घागरींची रांग लावून मी वाढले. आमच्याकडं पावसाला शब्द कमी नाहीत, वळीव आहे, झड आहे, रिमझिम आहे, पण वापरायला पाऊस कमी. इथं आले ती इडवप्पातीत, म्हणजे जूनच्या मोठ्या पावसात, आणि वाटलं की हे आता थांबणारच नाही. मग कळलं की तुला महिन्यात, ऑक्टोबरात, दुसरा पाऊस येतो. दुपारपर्यंत ऊन आणि संध्याकाळी ढगांचा गडगडाट. पाऊस म्हणजे मऴ, नदी म्हणजे पुऴ, वाट म्हणजे वऴि, फळ म्हणजे पऴम्, केळीचं झाड म्हणजे वाऴ, कोंबडी म्हणजे कोऴि. इथल्या ओल्या, हिरव्या, जित्या गोष्टींत एक अक्षर पुन्हा पुन्हा येतं, जे मराठीत नाही. देवनागरीत त्याला ळ-खाली टिंब देऊन ऴ लिहितात. आपली वर्तमानपत्रं त्याचा सरळ झ करतात, अलप्पुझा आणि कोझिकोड, आणि ते वाचलं की इथं राहणाऱ्याच्या कानाला खुपतं. ण आणि ळ आपल्याला जन्मजात येतात, म्हणून इथले लोक आपलं कौतुक करतात, पण ऴ ला जीभ मागं वळवायची आणि टाळूला टेकू द्यायची नाही. अम्माम्म माझ्यासमोर तोंड उघडून बसायच्या आणि जीभ कुठं जाते ते दाखवायच्या. का एवढं, तर 'ऊणु कऴिच्चो?' म्हणजे जेवलीस का, आणि तिथं साधा ळ आला की जेवणाच्या जागी खेळणं येतं. दिवसातून इतक्या वेळा विचारला जाणारा प्रश्न, आणि त्याच्या मधोमध ते अक्षर. आज माझा ऴ बरा येतो. मुलीचा तर जन्मापासूनच.

क्रियापदांशी मात्र माझं अजून पूर्ण जमलेलं नाही, आणि ती कठीण आहेत म्हणून नव्हे. ती फार सोपी आहेत. मी आले, तू आलीस, तो आला, ती आली, ते आले. या सगळ्याला मल्याळममध्ये एकच, वन्नु. ञान् वन्नु, अवन् वन्नु, अवळ् वन्नु. यजमान 'गेलो' म्हणतात, मी 'गेले' म्हणते. मल्याळममध्ये दोघंही पोयि. शिकणाऱ्याला केवढी सुटका! पण मराठीत मी तोंड उघडलं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी मी बाई आहे हे उमटतं, आणि ते उमटणं बंद झालं तेव्हा काही दिवस मोकळं वाटलं आणि काही दिवस पोरकं. आई वारली तेव्हा फोन आला तो दुपारी. अम्माम्म कुंपणापाशी होत्या. मी त्यांना सांगितलं, 'अम्म मरिच्चुपोयि'. वाक्य बरोबर होतं. मरून गेली, रचनाही आपलीच. पण त्यात 'ली' नव्हती, आणि मी रडले नाही. त्या मला हाताला धरून आत घेऊन गेल्या, पाणी दिलं, बसवलं. संध्याकाळी धाकट्या बहिणीशी फोनवर बोलताना तोंडून 'आई गेली गं' असं निघालं आणि मग मला आवरेना. दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच आहे हे मला कळतं.

2018 च्या ऑगस्टात पूर आला, तेव्हा भाषा शिकण्याचा प्रश्न उरला नव्हता. कानावर पडेल ते कळणं भाग होतं. चालक्कुडी पुऴ फुगली होती, खालच्या वस्त्यांतली माणसं शाळांमधल्या छावण्यांत हलवत होते, समुद्राकडचे कोळी आपल्या होड्या ट्रकवर घालून माणसं काढायला आले होते. वीज नव्हती. गल्लीत पाणी आमच्या पायऱ्यांशी आलं. रात्रभर वेगवेगळ्या घरांतून एकच वाक्य ऐकू येत होतं, 'वेळ्ळम् केऱि', पाणी चढलं. मुलगी लहान होती आणि माझ्या कुशीत थरथरत होती. पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी तिला बॅटरीच्या उजेडात म्हणालं, 'पेडिक्कण्डा मोळे'. घाबरू नको पोरी. त्या शब्दाच्या शेवटी तोच 'वेण्ड' होता, भांडं परत करताना मी पहिल्यांदा शिकलेला. घाबरायला नको, रडायला नको, यायला नको. मराठीतला नको जिथं जिथं जातो तिथं तिथं तोही जातो. अंगावर काटा आला. मी मुलीला तेच मराठीत सांगितलं, तेही त्याच शब्दानं, आणि ती झोपली. पाणी दुसऱ्या दिवशी उतरू लागलं.

त्रिशूरचं बोलणं पुन्हा केरळातही निराळं गणलं जातं. इथं 'एन्ता' म्हणजे काय, याचं 'एन्तूट्टा' होतं. पोरांना क्टाव् म्हणतात. आणि मित्राला हाक मारायची तर 'गडी'! पहिल्यांदा स्वराज राउंडवर दोन कॉलेजच्या पोरांच्या तोंडून 'एन्तूट्टा गडी' ऐकलं, तेव्हा मी वळून बघितलं. वाटलं, आमच्याकडचीच कुणीतरी पोरं असणार. नव्हती. तो शब्द इथं कुठून आला याच्या खोलात मी शिरत नाही, पण पूरमच्या, म्हणजे इथल्या मोठ्या उत्सवाच्या गर्दीत, हत्तींच्या रांगेसमोर, चेंडा ढोलांच्या नादात तो शब्द चारही बाजूंनी कानावर यायला लागला की विट्याच्या बाजारात उभी असल्याचा भास होतो.

जावेला शेवटी मी लिहून दिलं. पहिल्या पानावर तीन नकार आणि त्यांच्यासमोर आपले तीन. त्याखाली मति, म्हणजे पुरे, कारण इथल्या लग्नात सद्येच्या, म्हणजे जेवणावळीच्या पानावर वाढणारा थांबत नाही, त्याला वेळेत मति म्हणावं लागतं. मग एत्रया, केवढ्याला. मग बसमधलं वाक्य पूर्ण, तोडून न देता. मग चेट्टा आणि चेच्ची, दादा आणि ताई, कारण रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत कुणाशीही बोलताना आधी नातं लागतं आणि मग काम. मग इथे, तिथे, कुठे: इविडे, अविडे, एविडे, आणि त्याच धाग्यातले असं, तसं, कसं: इङ्ङने, अङ्ङने, एङ्ङने. इ, अ, ए हे तीन स्वर हाताशी आले की पुष्कळ दारं उघडतात. नमस्कार लिहिला नाही. जावेनं वाचलं आणि विचारलं, "अक्का, 'आपलं' कसं म्हणायचं?"

ते लिहायचं राहिलं होतं, आणि त्याला कारण होतं. मराठीत आम्ही आणि आपण वेगळे. समोरच्याला धरून की सोडून, हे त्यातून कळतं. मल्याळममध्येही ञङ्ङळ् म्हणजे आम्ही आणि नम्मळ् म्हणजे आपण. हिंदीवाल्याला हा भेद समजावून सांगावा लागतो, आपल्याला लागत नाही. पण कुठं कुठला वापरायचा हे इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. इथल्या बायका मला विचारतात, 'नाट्टिल् एविडेया?', गावाकडं कुठं तुमचं? तुमच्या नाट्टिल् पाऊस आहे का, तुमच्या नाट्टिल् दिवाळीला काय करतात. गावी गेलं की चुलत्या विचारतात, तुमच्याकडं भात तिन्ही त्रिकाळ का गं, तुमच्याकडं हत्ती असत्यात म्हणं. दोन्हीकडं दुसरीकडचं ते 'तुमचं'. अम्माम्म मात्र शेवटच्या दिवसांत, अंथरुणावरून, आमच्या मुलीच्या शाळेला 'नम्मुडे स्कूळ्' म्हणायच्या, आपली शाळा. त्या गेल्यावर तसं सहज म्हणणारं शेजारी कुणी उरलं नाही. मी जावेच्या वहीत दोन्ही लिहिले, ञङ्ङळ् आणि नम्मळ्, आणि सांगितलं, लोक तुझ्याशी बोलताना कुठला वापरतात ते आधी ऐक.

मुलीला असला प्रश्न पडत नाही. ती गावी गेली की चुलतभावंडांना ठणकावून सांगते, आम्ही त्रिशूरचे. 'आम्ही', म्हणजे त्यांना सोडून. आणि मराठी बोलताना ती 'दादा आली' म्हणते, 'आजी आला' म्हणते, कारण तिच्या मनात सगळं वन्नु आहे. पोरं हसतात, ती गप्प होते, आणि मग चार दिवस मल्याळमशिवाय बोलत नाही. इथं मराठी शिकवणारी शाळा नाही. हिंदीच्या तासामुळं देवनागरी येते एवढंच, त्यावर ती हळूहळू अक्षर लावत मराठी वाचते. कडबा, दावं, हुरडा, उंबरा, माजघर हे शब्द तिनं ऐकलेत, पण बोट ठेवून दाखवायला इथं त्यांतलं काही नाही. या मे महिन्यात जत्रेला गेल्यावर मी तिला रोज सकाळी माझ्या चुलत्याच्या गोठ्यात नेणार आहे. एकेक वस्तू दाखवायची, नाव सांगायचं, तिच्याकडून वदवून घ्यायचं. आणि पोरांना आधीच बजावून ठेवलंय, ती चुकली की हसायचं नाही. 'आजी आली' असं नीट म्हणून दाखवायचं, ती म्हणेपर्यंत.